रेखांश भागिले पंधरा

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सध्या ती एक 'लायब्ररी' बांधते आहे. (आमच्या चिपळुणात लायब्ररी म्हणजे वाचनालय. हे काही वेगळंच आहे, इतपत कळलं.) अक्षांश-रेखांश दिले की तिथला टाइमझोन सांगायचा, आणि तोही इंटरनेट नसताना. आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे तीस वर्षं शिकवलंही, की दर १५ अंशांना एक तास. मग रेखांशाला १५ ने भागलं की काम झालं. त्यासाठी चाळीस-पन्नास एमबीचं ओझं कशाला? शिवाय दर काही महिन्यांनी 'डेटा बदलला, नवं व्हर्जन काढायचंय' म्हणून ती रात्र जागवते. पृथ्वी तर जागची हलली नाही!
ता. क. : तिच्या प्रोग्रॅममध्ये चिपळूणचं उत्तर 'एशिया/कोलकाता' येतं. मुंबई का नाही?
— एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, आधी तुमचा भागाकार करूनच बघू. चिपळूण साधारण ७३.५ अंश पूर्वेला. भागिले १५ म्हणजे ४.९, अर्थात ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५४ मिनिटं. तुमच्या मनगटावरचं घड्याळ मात्र ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. छत्तीस मिनिटांची तफावत. जवळचा पूर्ण तास धरला तरी अर्धा तास उरतोच.

भागाकारात चूक नाही. तो सूर्याची वेळ अचूक सांगतो. अंगणात काठी रोवून बघा, सावली सर्वांत आखूड होते ती सरासरी १२ वाजून ३६ मिनिटांनी (ऋतूप्रमाणे पाव तासापर्यंत मागेपुढे होतं, ते सोडा). पण आपण घड्याळ सूर्याकडे बघून लावत नाही, सरकारकडे बघून लावतो. भारत सरकारने मिर्झापूरजवळून जाणारी ८२.५ अंशांची रेषा धरली, म्हणून द्वारकेपासून दिब्रुगडपर्यंत साडेपाच. नेपाळने पावणेसहा धरले. चीनने अख्ख्या देशाला बीजिंगचे आठ दिले. काश्गर हे चीनच्या पश्चिम टोकाचं शहर ७६ अंशांवर, म्हणजे आपल्या जळगावच्या जवळपास थेट उत्तरेला. भागाकार तिथे पाच सांगतो, सरकारी घड्याळ आठ. आणि अफगाणिस्तानातून वाखानच्या चिंचोळ्या पट्टीने चीनच्या सीमेवर गेलात, तर एका पावलात घड्याळ साडेतीन तास पुढे सरकतं. हे कुठल्याही सूत्रात बसत नाही. कुणी काय ठरवलं आणि ते कुठवर लागू आहे, याची नोंदच हाताशी ठेवावी लागते. त्या नोंदीचं वजन म्हणजे तुमचे चाळीस-पन्नास एमबी.

फोनला हे एरवी कसं कळतं? बहुतेक वेळा मोबाइलचा टॉवरच त्याला सांगतो. जीपीएसचे उपग्रह जागा सांगतात आणि जागतिक वेळ सांगतात. तुम्ही कुठल्या सरकारच्या घड्याळाखाली उभे आहात, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. टॉवर गेला की प्रश्न उभा राहतो. २०२१ च्या जुलैतल्या पुरात चिपळूणचे फोन मुके झाले होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याखेरीज समुद्र आहे, विमान आहे, घाटातला आडवळणाचा रस्ता आहे. आणि टॉवर असला तरी मी कुठे उभा आहे हे दर वेळी परक्या कंपनीच्या संगणकाला कळवायचं का, हाही मुद्दा आहेच. मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. 'माझ्याकडे किती वाजले' एवढ्यासाठी आपला ठावठिकाणा कुणाला देऊ नये.

आता मुलीच्या कामाकडे. ही गोष्ट मुळात दोन वह्यांची आहे. एक वही वेळापत्रकाची : अमुक नावाच्या विभागात घड्याळ ग्रिनिचच्या किती पुढे, उन्हाळ्यात एक तास सरकवतात का, कधीपासून कधीपर्यंत. ही वही आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८०च्या दशकात सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली, आणि आज ती जवळजवळ प्रत्येक संगणकात नि फोनमध्ये आधीपासूनच असते. दुसरी वही नकाशाची : त्या नावाचा विभाग जमिनीवर कुठून कुठवर. पहिल्या वहीत हा नकाशा नाही. तो ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशातल्या सीमा जोडून वेगळा तयार करतात. तुमच्या मुलीची लायब्ररी (म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार तुकडा) ही दुसरी वही. तिने नाव सांगायचं आणि थांबायचं. वेळ सांगणं पहिल्या वहीचं काम.

नकाशातून उत्तर काढायची रीत तुम्हाला लगेच पटेल. समजा, तुम्ही शिवारात डोळे बांधून उभे आहात आणि गणपतरावांच्या वावरात आहात की बाहेर, हे ठरवायचंय. नाकासमोर सरळ चालत सुटायचं, शिवार संपेपर्यंत, आणि गणपतरावांचे बांध किती ओलांडले ते मोजायचं. आकडा विषम आला तर तुम्ही आत होता, सम आला तर बाहेर. बांध कितीही वेडावाकडा असो, हिशेब चुकत नाही.

याची खरी परीक्षा कूचबिहारच्या छिटमहालांत होती. भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे भारताच्या पोटात. त्यातलं दहाला खागराबारी म्हणजे कमाल. भारताचं एक वावर, ते बांगलादेशी गावाने वेढलेलं, ते गाव भारतीय छिटमहालाने वेढलेलं, आणि तो छिटमहाल बांगलादेशात. तिथून बाहेर चालत निघालं तर भारताचे तीन बांध लागायचे. तीन विषम, म्हणजे भारत, म्हणजे साडेपाच. शेजारच्या बांगलादेशी गावातून निघालं तर दोन. सम, म्हणजे भारत नाही, म्हणजे सहा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी तुकड्यांची अदलाबदल केली आणि हे सगळे बांध एका रात्रीत पुसले गेले. पृथ्वी हलली नव्हती, गुरुजी. नकाशाची वही मात्र त्या रात्री जुनी झाली.

जगातले सगळे बांध दर प्रश्नाला मोजत बसलं तर फोन तापेल. म्हणून आधी पृथ्वीवर चौकटी आखतात, कुणी चौकोनी तर कुणी षटकोनी, आणि चौकटीवार यादी करून ठेवतात. टपाल कचेरीत पत्रं आधी खणांत पडतात, तसं. सोलापूर ज्या चौकटीत येतं ती सबंध एकाच विभागात, तिथे बांध मोजायचंच कारण नाही. बांध मोजावे लागतात ते फक्त सीमेवरच्या चौकटींत.

पुढचा प्रश्न ओझ्याचा. मूळ नकाशा उघडला तर शंभर एमबीच्या वर जातो, कारण त्यात प्रत्येक बिंदू अक्षरांत लिहिलेला असतो : सात, तीन, टिंब, पाच... एका आकड्याला दहा-बारा बाइट. तोच आकडा एक कोटीने गुणून पूर्णांक केला, तर चार बाइटांत बसतो. कसा, ते बघा. रेखांश जास्तीत जास्त १८०. गुणिले एक कोटी म्हणजे १८० कोटी. चार बाइटांच्या पूर्णांकात ऋण-धन धरून साधारण २१४ कोटींपर्यंत मावतं. म्हणजे बसलं, आणि वर थोडी जागाही उरली. अशाने बिंदू सेंटिमीटरभर अचूक राहतो. कुठल्याही दोन देशांची सीमा सेंटिमीटरने ठरलेली नसते, तेव्हा ही अचूकता तशी थाटाचीच. त्यात आणखी काटकसर करायची तर आख्खा बिंदू न लिहिता मागच्या बिंदूपासून किती सरकलो तेवढंच लिहायचं.

काही जण बिंदूच गाळतात. समुद्रकाठची प्रत्येक खाच कशाला हवी, असा विचार. तो ठीक आहे, पण एक खबरदारी लागते. दोन शेजाऱ्यांच्या सामायिक बांधातले दगड ह्याने स्वतःच्या मनाने काढले आणि त्याने स्वतःच्या, तर मध्ये कुणाचीच नसलेली पट्टी उरते किंवा दोघांची म्हणवणारी. काढायचे तर दगड एकदाच आणि दोघांनी मिळून काढायचे. सीमेवरच्या गावातला माणूस प्रश्न विचारतो आणि उत्तर 'काहीच नाही' येतं, ते बहुधा ह्या निष्काळजीपणाने.

एवढी काटकसर कशासाठी, तर लायब्ररीचं पॅकेज, म्हणजे पुडकं, ज्या भांडारांत ठेवतात त्यांना मर्यादा असतात. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या सार्वजनिक भांडारात एक पॅकेज एरवी १० एमबीच्या वर चालत नाही. पायथनचं भांडार बरंच उदार. म्हणून एकच लायब्ररी एका भाषेत धडधाकट आणि दुसऱ्या भाषेत हडकुळी दिसते.

पुडकं बांधताना होणारी सर्वांत हास्यास्पद चूकही सांगतो, कारण ती मी स्वतः केलेली आहे. प्रोग्रॅम बांधला, भांडारात चढवला, लोकांनी उतरवला, आणि आत नकाशाच नाही! माझ्या संगणकावर सगळं सुरळीत चालत होतं, कारण नकाशाची फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेली होती. पुडक्यात काय काय घ्यायचं, त्या यादीत तिचं नाव घालायला विसरलो होतो. रिकामा डबा व्यवस्थित झाकण लावून पाठवला. तेव्हापासून माझा नियम असा की स्वतःचं पुडकं कोऱ्या संगणकावर, घरच्या फोल्डरपासून लांब, वायफाय बंद करून उघडून बघायचं. 'ऑफलाइन' म्हणवणाऱ्या मालाची ह्याखेरीज दुसरी चाचणी मला माहीत नाही.

पुडक्यात कागदही दोन ठेवावे लागतात. प्रोग्रॅम मुलीने लिहिला, त्याचा परवाना ती ठरवेल. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, त्याचा परवाना वेगळा. श्रेय लिहायलाच लागतं, आणि सुधारलेला नकाशा वाटायचा तर त्याच अटींवर वाटावा लागतो. अनेक पॅकेजांत हा दुसरा कागद गहाळ असतो.

आता एक गंमत, खास महाराष्ट्रातल्यांसाठी. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो. नकाशाच्या जिओजेसन नावाच्या प्रचलित साच्यात रेखांश आधी लिहितात. माणूस घाईत अदलाबदल करतो. टोकियोच्या माणसाने ती केली तर लायब्ररी लगेच ओरडते, कारण अक्षांश ९० च्या वर असूच शकत नाही आणि टोकियोचा रेखांश १३९ आहे. आपले रेखांश ७२ ते ८१ च्या घरातले. ते अक्षांश म्हणूनही मुकाट्याने खपून जातात! तुमचं चिपळूण उलटं लिहिलं तर नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात पडतं. नागपूर उलटं लिहिलं तर स्वालबार्ड बेटांमध्ये, ध्रुवीय अस्वलांच्या शेजारात जातं. लायब्ररी तक्रार करत नाही. तिथली वेळ सांगते आणि मोकळी होते. म्हणून लायब्ररीला नुसते दोन आकडे घेऊ देऊ नयेत, कुठला अक्षांश नि कुठला रेखांश हे नावानिशी लिहायला भाग पाडावं, असं माझं मत. मुलीला विचारा, तिने काय केलंय.

समुद्राचंही ऐका, कारण तो तुमच्या दारात आहे. देशाचं घड्याळ नकाशात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर लागू धरतात. त्यापलीकडे कुणाचं सरकार नाही. तिथे खरोखर तुमचा भागाकार चालतो, १५ अंशांना एक तास. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून निघालेला ट्रॉलर २२ किलोमीटरच्या पुढे गेला की लायब्ररीच्या मते तो साडेपाचातून पाचात गेला. मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, तेही पाचात. नियमाने हे बरोबर आहे. पण ट्रॉलरवरचा तांडेल घड्याळ अर्धा तास मागे लावत नाही, आणि त्याच्या फोनमधल्या ॲपने लावलं तर तो ॲपला चार शिव्या घालेल. अशा ठिकाणी लायब्ररीने उत्तर द्यावं, पण 'हे खुल्या समुद्राचं उत्तर आहे' हेही सांगावं. त्यातून ह्या समुद्री विभागांची नावं आणखी घोळ घालतात. आपल्या पट्ट्याचं नाव 'ईटीसी/जीएमटी-५'. उणे पाच वाचून कुणीही अमेरिकेकडे निघेल. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या चालीनुसार तिथे चिन्ह उलटं असतं. उणे म्हणजे ग्रिनिचच्या पुढे.

तर रात्री का जागतात? सरकारं मन बदलतात म्हणून. २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉन सरकारने उन्हाळी वेळ अगदी तोंडावर आलेली असताना रमजान संपेपर्यंत पुढे ढकलली. काहींनी मानलं, काहींनी मानलं नाही. बैरूतमध्ये दोन घड्याळं चालू झाली आणि सरकारने काही दिवसांत निर्णय फिरवला. वेळापत्रकाच्या वहीची त्यापायी आठवड्याभरात दोन व्हर्जन निघाली, आणि दुसरं म्हणजे पहिल्याच्या आधीचं, जसंच्या तसं! तुमच्या मुलीने वेळापत्रकही आपल्याच पुडक्यात कोंबलं असतं, तर तिच्या त्या आठवड्याची वाट लागली असती. म्हणूनच म्हटलं, नाव सांगावं आणि थांबावं.

पण नावंही बदलतात, तिथे तिची सुटका नाही. २०२२ मध्ये 'युरोप/कीव्ह' हे नाव युक्रेनी उच्चाराप्रमाणे 'युरोप/क्यिव' झालं. नकाशा नवा आणि ग्राहकाच्या संगणकातली वेळापत्रकाची वही जुनी, असं झालं की लायब्ररी बरोबर नाव देते आणि संगणक म्हणतो, असा विभाग मला ठाऊक नाही. त्याच वर्षी मेक्सिकोने उन्हाळी वेळ बंद केली. सिउदाद हुआरेस हे शहर मात्र नदीपलीकडच्या अमेरिकेतल्या एल पासोला धरून चालणारं. महिन्याभरात ते आपल्या राज्यापासून घड्याळापुरतं फुटून निघालं. नवं नाव, नवी सीमा, दोन्ही वह्यांत नोंद. आपण पंचांग दरवर्षी नवं घेतो आणि मागचं कितीही सुबक छापलेलं असलं तरी त्यावर मुहूर्त काढत नाही. ह्या पुडक्यावरही नकाशा कुठल्या सालचा नि कुठल्या व्हर्जनचा, हे ठळक असायला हवं. नुसतं '३.१.४' लिहून प्रोग्रॅम किती सुधारला ते कळतं. नकाशा शिळा आहे का, ते कळत नाही.

आता ता. क. वेळापत्रकाच्या वहीत विभागाला त्यातल्या मोठ्या शहराचं नाव देतात, आणि नाव ठेवलं तेव्हा कोलकात्याचा मान होता. पुढे लोकसंख्या बदलली म्हणून नाव बदलायचं नाही, असा नियम. कलकत्त्याचं कोलकाता तेवढं झालं, आणि जुनं नावही अजून चालतं. मुंबईला वेगळी नोंद मिळू शकली असती का? तशी मिळायला हवी होती, कारण मुंबईचं घड्याळ वेगळं होतंच. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ सुरू झाली, तरी मुंबई आपला टाइम सोडायला तयार नव्हती. प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत तग धरून होता. पण वहीचा नियम असा की १९७० नंतर ज्यांची घड्याळं वेगळी पडली त्यांनाच वेगळा विभाग. मुंबईचं भांडण पंधरा वर्षं आधीच मिटलेलं, म्हणून नोंद नाही. १९३० सालच्या गिरगावाबद्दल विचारलंत तरी उत्तर साडेपाचाचंच येईल.

हे सांगायचं कारण कुंडली. वेळेच्या जुन्या नोंदी लोकांना लागतात त्या बहुधा पत्रिकेसाठी, आणि हे आपल्याकडेच असं नाही. २०११ मध्ये ज्योतिषाची सॉफ्टवेअरं विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने ह्या वहीतल्या ऐतिहासिक नोंदींवर हक्क सांगून ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला होता. पुढे तो तिने मागे घेतला, आणि मधल्या काळात वही आयकॅन या संस्थेच्या छत्राखाली गेली. तुमच्या घरात कुणाचा जन्म सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधला असेल, तर महायुद्धामुळे तेव्हा घड्याळ तासभर पुढे होतं. ते वहीत नोंदलेलं आहे, मुलीची लायब्ररी आणि वेळापत्रक मिळून ते बरोबर सांगतील. जन्म त्या काळच्या मुंबईतला असेल, तर मात्र टिपणात वेळेपुढे स्टँडर्ड टाइम लिहिलाय की बॉम्बे टाइम, ते ट्रंक उघडून तुम्हालाच बघावं लागेल.